पत्ता लिहायचा नाही

अण्णा कुठल्याही हॉटेलात शिरले की आधी गॅसचा सिलिंडर शोधत. मालक 'या, बसा' म्हणत असायचा आणि हे सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, वाकून, नळीला भेगा पडल्यात का ते बघत असायचे. मग बाहेर पडायला मागून दुसरं दार आहे का, डोक्यावरचा पंखा घट्ट बसवलाय का, भिंतीवरून उघडी वायर लोंबकळतेय का. एवढं झालं की दाराजवळची जागा धरायची, भिंतीला पाठ लावायची, छत्री मांडीवर आडवी ठेवायची आणि पुढ्यात येईल ते खायचं. रक्त भरून तळलेलं आतडं असो, कुजवलेलं सोयाबीन असो, नाहीतर रेशमाच्या किड्यांची चटणी. तोंड वाकडं केलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींना घाबरणारा हा माणूस ताटातल्या कशालाही घाबरत नसे.

ते माझे घरमालक. बनशंकरीत त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते एकटे, वर मी. मी नागपूरहून नोकरीसाठी आलेली, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करणारी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. मराठी घरापुरती उरलेली, आणि तीही कन्नडात भिजलेली. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. ते मला 'अम्मा' म्हणत. इकडे धाकट्या पोरींनाही मायेनं तसं म्हणतात, हे कळेपर्यंत मला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

चौतीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले होते. घरोघर जायचं, जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारायचा, आकडा वहीत टिपायचा. त्या चौतीस वर्षांत शहरातल्या किती स्वयंपाकघरांचा वास त्यांच्या नाकात बसला असेल कोण जाणे. कुठल्या गल्लीत कुठल्या मुलखाचे लोक उतरलेत, कोणाच्या घरात शनिवारी काय शिजतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

आणि त्याच नोकरीनं त्यांना भित्रं केलं होतं. एक वायरमन त्यांच्या डोळ्यांदेखत खांबावर चिकटून गेला. ते एवढंच एकदा म्हणाले, पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कुत्री तीन वेळा चावली होती, म्हणून छत्री. लिफ्टमध्ये ते कधी चढले नाहीत. फ्लायओव्हरखाली सिग्नल लागला तर रिक्षावाल्याला 'स्वल्प पुढं घे' म्हणून हैराण करायचे. लालबागेतला तो अवाढव्य खडक दाखवायला मला घेऊन गेले, आणि लांब कुठेतरी एक काळा ढग दिसला म्हणून अर्ध्यातून मला दंडाला धरून खाली उतरवलं. सगळ्यात जास्त भीती गर्दीची. चार माणसं एका ठिकाणी थांबलेली दिसली की ते रस्ता बदलत. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी कायम असे: नाव, रक्तगट, जे. पी. नगरला राहणाऱ्या मुलीचा फोन. मी राहायला आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तशी एक चिठ्ठी माझ्यासाठीही लिहून आणली, फक्त रक्तगटाची जागा मोकळी ठेवून.

मी हसायचे. मैत्रिणींना त्यांच्या नकला करून दाखवायचे. पण रविवार उजाडला की त्यांच्या हाकेची वाट बघायचे, कारण त्या शहरात मला दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्यांदा ते मला विजापूरकडच्या दोन बहिणींच्या खानावळीत घेऊन गेले. माझ्या खोलीतून रोज फक्त मॅगीचा वास येतो, हे त्यांना सहन झालं नव्हतं. तिथे ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरली वांगी खाल्ली आणि मला घरची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. अण्णा बघत होते. नुसती चटणी पुढे सरकवली. मग दर रविवारी एक नवीन जागा. इथिओपियाहून शिकायला आलेला एक मुलगा आपल्या खोलीत ओळखीच्यांसाठी रांधायचा. त्याचं ते भलंमोठं, जाळीदार, आंबूस धिरडं तोडून अण्णा म्हणाले, "ही आपल्या आंबोळीची बहीण बघ अम्मा. लांब नांदायला गेली." कधी खाणं झाल्यावर एखादी जागा दाखवायची. पंक्चरच्या दुकानामागे अर्धा पुरलेला वीरगळ, त्याच्यावर टायर रचलेले. पेठेतली जुनी तालीम, जिला इकडे गरडी म्हणतात. तिथे मातीत लढणारी पोरं आपल्या अंगावर येऊन आदळतील म्हणून अण्णा बाहेरच्या पायरीवर उभे राहिले आणि मला एकटीलाच आत जाऊन बघून यायला सांगितलं.

स्वयंपाक करणाऱ्याला ते कधी 'कसं करता' असं विचारत नसत. विचारत, "गावाकडे हे कधी करतात?" मग लग्नातलं, मयतीनंतरचं, पेरणीनंतरचं असं काहीबाही निघायचं आणि सांगणारं माणूस हळूहळू खुर्ची ओढून बसायचं.

नियम एकच होता. खायचं, आवडलं तर परत यायचं. पत्ता लिहायचा नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "लिहिलेलं कुठं कुठं जातं, आपल्याला कळत नाही." मला वाटलं, लिफ्टसारखीच ही पण एक भीती.

तोपर्यंत मी इंटरनेटवर एक पान सुरू केलं होतं. त्यावर माझं नाव नव्हतं. ताटांचे फोटो, चार ओळी, अण्णांनी सांगितलेली एखादी गोष्ट. पत्ता मीही देत नव्हते. लोक विचारायचे, मी टाळायचे. ऑफिसात दोघी-तिघींना ठाऊक होतं, त्या म्हणायच्या, पत्ता नसेल तर उपयोग काय? त्या बिचाऱ्यांचा धंदा नको का वाढायला? मलाही ते पटायचं. खरं सांगायचं तर धंद्यापेक्षा मला माझ्या पानाला मिळणाऱ्या पसंतीची चटक लागली होती.

मग तोंबी आली. शहराच्या पूर्वेला, के. आर. पुरमच्या अलीकडे एका दाटीच्या वस्तीत तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन राहणारी मणिपूरची बाई. पस्तिशीची असेल. पुढच्या खोलीत दोन टेबलं मांडून ती दुपारपासून संध्याकाळपर्यंत जेवण द्यायची. आतल्या खोलीत तिची म्हातारी आई. तिला मणिपुरीखेरीज कुठलीच भाषा येत नव्हती, ती दाराआडून नुसती बघायची. तोंबी उकडलेल्या भाज्या, मिरची आणि आंबवलेली मासळी कुटून एरोंबा करायची. त्या मासळीला उग्र वास. अण्णांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. तोंबी घाबरून माझ्याकडे बघू लागली. मग त्यांनी डोळे उघडून विचारलं, "गावाकडे हे कधी करता?" ती हसली. म्हणाली, रोज.

त्या दिवशी घरी आल्यावर मी लिहिलं, आणि कोणीतरी पत्ता विचारल्याबरोबर नकाशावरची खूण टाकून दिली. इतकं सोपं होतं ते. अंगठा एकदा टेकवला, झालं.

तीन आठवड्यांत तोंबीच्या दारात रांग लागली. ती खूश होती, तिनं स्टुलं आणली. अण्णा मात्र दचकले. एवढी माणसं कुठून आली, असं त्यांनी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, फोनवर कुठेतरी आलंय म्हणे. मी ताटात बघत राहिले. तेव्हापासून मला एकच भीती. त्यांना कळलं तर काय, याची. तोंबीचं काय होईल, हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. हे आज लिहिताना लाज वाटते.

मग तक्रारी सुरू झाल्या. वास येतो, गल्लीत गाड्या लागतात. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं बोलणं बंद केलं. तोंबी दार लावून शिजवू लागली. त्या खोलीत इतका धूर कोंडायचा की अण्णा सिलिंडर बघायला आत गेले तरी खोकत बाहेर यायचे.

तो रविवार. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो, बाहेर टळटळीत ऊन. मी फोन उघडला आणि माझ्याच लिखाणाखाली कोणीतरी टाकलेला एक व्हिडिओ दिसला. तोंबीच्या भांड्याचा, उघड्या खिडकीतून घेतलेला. खाली लिहिलं होतं की गल्लीतलं एक भटकं कुत्रं चार दिवसांपासून दिसत नाही आणि या बाईच्या भांड्यात काय शिजतंय ते बघा. त्याखाली शिव्या. त्याखाली कोणीतरी वेळ दिली होती: आज पाच वाजता, सगळ्यांनी जमायचं.

साडेतीन वाजले होते.

अण्णांना म्हटलं, डोकं दुखतंय, आज परत जाऊ. ते काळजीनं बघू लागले, खिशातून अमृतांजनाची डबी काढली. म्हणाले, तोंबीनं त्यांच्यासाठी काळ्या तांदळाची खीर करून ठेवलीय, नाही गेलं तर ती वाट बघत बसेल. खरं कारण सांगायचं तर पान दाखवावं लागलं असतं. मी कपाळाला अमृतांजन लावलं आणि गप्प बसले. अजूनही त्याचा वास आला की मला मळमळतं.

पोहोचेपर्यंत साडेचार झाले. गल्ली नेहमीपेक्षा शांत वाटली. आत कोणी गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांनी सिलिंडर बघितला, दाराजवळ बसले. तोंबीनं खीर आणली. मी तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. काही न बोलता. मग पाच झाली. मग दाराच्या चौकटीत उजेड उरला नाही.

त्यांच्यातला एक फोन समोर धरून चित्रण करत होता. दुसरा कन्नडमध्ये विचारत होता, भांड्यात काय आहे, झाकण काढ. तोंबीला कन्नड जेमतेम यायचं. ती हिंदीत म्हणत राहिली, मछली है, मछली है. मागून कोणीतरी ओरडलं आणि बाहेरची गर्दी एकदम आत सरकल्यासारखी झाली. एक स्टूल आडवं पडलं. आतल्या दारात तिची आई आली आणि तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. चमचा वाटीवर टकटक वाजत होता. पुढच्या माणसाने त्यांना बघितलं आणि बऱ्या शब्दांत म्हटलं, अज्जा, तुमचं काही नाही, तुम्ही जा घरी.

अण्णा उठले. छत्री घेतली. माझ्याकडे न बघता, तोंबीकडे न बघता, खाली मान घालून त्या माणसांमधून वाट काढत बाहेर गेले. मला वाटलं, गेले. त्या क्षणी मी त्यांचा तिरस्कार केला. आणि मग मी काय केलं? टेबलाखाली फोन धरला आणि माझं ते लिखाण पुसून टाकलं. पोलिसांना फोन करायचं मला त्यानंतर सुचलं.

बाहेरून अण्णांचा आवाज आला. चढा, किंचित चिरका, सरकारी. मी तो आवाज कधीच ऐकला नव्हता. खिडकीतून दिसलं: समोरच्या घराच्या भिंतीवर मीटरचे डबे होते, त्यांच्यापुढे ते उभे होते. नाकावर चष्मा, काखेत छत्री, डाव्या हातात नेहमी जवळ असणारा टॉर्च आणि खिशातली छोटी वही, उजव्या हातात पेन. एकेका मीटरचा नंबर मोठ्यानं वाचत होते आणि लिहीत होते. मग त्यांनी टॉर्च खांबाकडे वर केला, तिथून चोरून आकडे टाकून घरांवर उतरवलेल्या वायरी एकेक मोजल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, "ही कुणाची? नाव काय? घर कितवं?"

गर्दीतली दोन डोकी मागे वळली. कोणीतरी विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, वीज. एवढंच. खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. "तुमचं नाव सांगा," त्यांनी त्याच माणसाला विचारलं आणि पेन टेकवून थांबले. तो माणूस मागे सरकला. मग दुसऱ्याला विचारलं. पेन वहीवर थरथरत होतं, मला ते इतक्या लांबूनही दिसत होतं. पण कागदावर आपलं नाव उतरतंय हे त्या माणसांना दिसत होतं, आणि तेवढं पुरे होतं. कोणाला घरी काम आठवलं, कोणी वरच्या खिडकीकडे बघून बायकोला हाक मारली. गल्ली हळूहळू विरळ होऊ लागली.

सगळे गेले नाहीत. तिघेचौघे आत शिरलेच. त्यांनी झाकण काढलं. आत माशांची डोकी होती. डावानं ढवळून त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं. फोनवाल्यानं फोन खाली केला. पण एवढं करून रिकाम्या हातांनी जायचं कसं, असं काहीतरी त्यांना झालं असावं. एकानं भांडं लाथेनं उलटवलं. गरम रस्सा तोंबीच्या पावलांवर गेला. ती ओरडली नाही. ते गेले.

मी बाहेर धावले तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते. वही अजून उघडी. मी वाकून बघितलं तर त्यावर नाव एकही नव्हतं. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. त्यांची पँट ओली झाली होती. ते नुसते समोर बघत होते. मला काय करावं कळेना. तोंबीची आई बाहेर आली. तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, आत गेली आणि घडी केलेलं आपलं नेसूचं वस्त्र घेऊन आली. ते तिनं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पाठ करून उभी राहिली, पुढे गल्लीकडे तोंड करून, कोणी बघू नये म्हणून. अण्णांनी ते लुंगीसारखं गुंडाळलं. पोलीस आले, चौकशी करून गेले. तोंबीच्या पायांना मलम लावून आम्ही रिक्षानं निघालो. बनशंकरी येईपर्यंत अण्णांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मीही झोपले नव्हते. मी पुसलं होतं, पण कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला होता आणि तो फिरतच होता. अनोळखी नंबर दिसला की मी फोन उचलायचे नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता खाली गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. बसमधलंही सांगितलं.

त्यांनी उठून दाराला कडी घातली. मग सांगू लागले, माझ्याकडे न बघता. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एक विधवा बाई घरात बाहेरगावच्या मुलांना जेवण घालायची, घरगुती मीटरवर, म्हणजे धंद्याचा जास्तीचा दर न भरता. हेही तिच्याकडे दोनदा जेवले होते. वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा यांनी पत्ता लिहून दिला. हाताखालच्या माणसानं लिहायचंच असतं, त्यात काय. पथक आलं, वीज तोडली, भांडी रस्त्यावर ठेवली. पुढच्या महिन्यात हे मीटर वाचायला गेले तर घराला कुलूप होतं. तिला त्यांनी पुढे सगळ्या शहरात शोधलं.

"लिहिणाऱ्याला वाटतं, आपण फक्त लिहिलं," ते म्हणाले.

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. जा म्हणाले नाहीत, असू दे म्हणाले नाहीत.

आठवड्याभरात तोंबीनं ती जागा सोडली. मी फोन केला तर नंबर बंद. पान मी कायमचं बंद केलं. रविवारची हाक थांबली. अण्णा एकटेच बाहेर पडत. वरून मला त्यांची छत्री गल्लीच्या टोकाला वळताना दिसायची, आणि ते परत येईपर्यंत मी खिडकीतून हलायचे नाही. कुठल्या गल्लीत कोणी त्यांना ओळखलं तर? त्या फोनवाल्याच्या चित्रणात त्यांचा चेहरा असला तर? उशीर झाला की मी जिना उतरून फाटकाशी जाऊन उभी राहायचे. ते आले की बाजूला व्हायचे. 'जेवलीस का' एवढं विचारून ते आत जायचे.

असे पाच महिने गेले. मग एका रविवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. जिना चढून त्यांना धाप लागली होती. हातात स्टीलचा डबा. झाकण उघडायच्या आधीच वास आला, तो आंबवलेल्या मासळीचा उग्र वास. मी त्यांच्याकडे बघितलं.

"पाय बरे झाले," ते म्हणाले. "थंड व्हायच्या आत खा."

मी तिथेच, दारात उभ्या उभ्या खाल्लं. तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबले नाही. ते कठडा धरून उभे राहिले, मी संपवेपर्यंत. मग मी डबा धुतला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला. कुठून आणला ते विचारलं नाही.